व्यावसायिक फोटोग्राफीत वाट शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैसे घेऊन फोटो काढायला लागून मला बरीच वर्षं झाली. या काळात कॅमेरे बदलले, फिल्म गेली, मोबाइल आला. नव्याने या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांचे प्रश्न मात्र जवळपास तेच राहिले. दर वेळी घाईत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते. मतं माझी आहेत आणि काही ठिकाणी जरा ठाम आहेत.

मला फोटो काढायला प्रचंड आवडतं. एवढ्या भांडवलावर यात उतरता येईल का?

आवड लागतेच. पण प्रश्न थोडा फिरवून स्वतःला विचारा: मला फोटो आवडतात, की फोटोचं काम आवडतं? फरक एका साध्या हिशोबात दिसतो. समजा, दिवसभराच्या एका समारंभात तुम्ही ३,००० फ्रेम काढल्या आणि प्रत्येक वेळी शटर १/२०० सेकंद उघडलं. म्हणजे दिवसभरात शटर उघडं असण्याचा एकूण वेळ भरला १५ सेकंद! या १५ सेकंदांसाठी आदल्या रात्री बॅटऱ्या चार्ज करायच्या, कार्डं रिकामी करायची, दहा-बारा तास पायांवर उभं राहायचं, घरी येऊन झोपण्याआधी सगळं दोन ठिकाणी कॉपी करायचं. मग ३,००० मधून ५००-६०० निवडायचे, त्यांचे रंग जुळवायचे, क्लायंटने सांगितलेल्या दुरुस्त्या करायच्या. आणि उरलेल्या पैशांची आठवण तिसऱ्यांदा करून द्यायची, तीही आवाज न चढवता.

हे वाचून अंगावर काटा आला असेल तर छंद सांभाळा, त्यात काहीच कमीपणा नाही. ‘हो, हे जमेल’ असं वाटलं असेल तर पुढे वाचा.

यात नेमक्या कोणकोणत्या वाटा आहेत?

बहुतेक याद्या विषयांवरून केलेल्या असतात: निसर्ग, वन्यजीव, पोर्ट्रेट, फॅशन वगैरे. मी दुसरीकडून सुरुवात करते: पैसे कोण देतं?

काही कामांत पैसे माणसं स्वतःच्या खिशातून देतात. लग्न, तान्ही बाळं, कुटुंबाचे फोटो, पोर्ट्रेट ही ती कामं. इथे फोटोइतकंच तुमचं वागणं विकलं जातं. कॅमेऱ्यासमोर अवघडलेल्या माणसाला दोन मिनिटांत मोकळं करता आलं नाही, तर लेन्स कितीही भारी असो, चेहरा ताठच येणार.

काही कामांत पैसे व्यवसाय देतात. उत्पादनं, जाहिरात, खाद्यपदार्थ, इमारती आणि अंतर्सजावट, कारखाने, कंपन्यांचे अहवाल. इथे समोर ब्रीफ, म्हणजे नेमकं काय हवं आहे याचा लेखी तपशील असतो, कधी आर्ट डायरेक्टर असतो. ‘मला असं सुचलं’ यापेक्षा ‘तुम्हाला हवं होतं ते मिळालं का’ हा प्रश्न मोठा. काचेच्या बाटलीवरचं प्रतिबिंब घालवण्यात अर्धा दिवस जातो. ज्याला अशा कोड्यात मजा येते त्याच्यासाठी हे स्वर्ग आहे. बाकीच्यांसाठी शिक्षा.

मग वृत्तसंस्था, दैनिकं, क्रीडा. इथे वेग आणि विश्वासार्हता हीच कमाई. एडिटिंगमध्ये रमणाऱ्या मुलांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते: २०१५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने आपल्या फ्रीलान्स फोटोग्राफरांना कळवलं, की रॉ फाइलवरून (कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइलवरून) प्रोसेस केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातून निघालेले जेपेगच पाठवा. आकाश थोडं गडद करण्याचा मोह ज्याला आवरत नाही त्याचा इथे दम कोंडेल.

चौथा गट संस्थांचा, आणि याबद्दल कुणी विचारतच नाही. संग्रहालयातल्या वस्तूंचं आणि जुन्या हस्तलिखितांचं डिजिटायझेशन, वैद्यकीय छायाचित्रण, गुन्ह्याच्या जागेचं न्यायवैद्यक छायाचित्रण, उत्खननाची नोंद. प्रसिद्धी जवळपास शून्य, पण काम शिस्तीचं आणि बऱ्याचदा पगारी. अचूक रंग, मोजपट्टी, प्रत्येक फाइलची नोंद या गोष्टींचा कंटाळा नसेल तर इकडे जरूर बघा.

शेवटी स्वतःच्या नावावर प्रिंट किंवा पुस्तकं विकणारे. फक्त यावर घर चालवणारे फार थोडे. बहुतेकांचं दुसरं काहीतरी चालू असतं, आणि मुलाखतीत त्याचा उल्लेख येत नाही.

कॅमेरा हातात न धरताही या क्षेत्रात राहता येतं, हेही ध्यानात ठेवा. फोटोतले दोष दुरुस्त करणारे रिटचर, फोटो एडिटर, प्रिंट करणारे, सेटवर फाइल्स सांभाळणारे डिजिटल टेक्निशियन, निर्मितीची जुळवाजुळव करणारे. माझ्या ओळखीतली काही सर्वांत समाधानी माणसं यातली आहेत.

मला यातलं कोणतं जमेल हे ओळखायचं कसं?

विषयावरून नाही, दिवसावरून. तुम्हाला कसा दिवस आवडतो? माणसांच्या गर्दीत की एकट्याने? क्षण पकडण्यात की तो हवा तसा घडवण्यात? एका फ्रेमवर सहा तास घालवणं आवडतं, की सहा तासांत साठ ठिकाणी धावणं? कुणी ‘हे असं नको’ म्हटलं की डोकं तापतं, की कामाला लागता?

वन्यजीव छायाचित्रणाचं स्वप्न पाहणारे मला खूप भेटतात. त्यातल्या अनेकांना खरं तर जंगलात फिरायला आवडतं. पहाटे चार वाजता एका आडोशामागे बसून नऊ वाजेपर्यंत काहीच न घडणं, हे सलग आठ दिवस, यात त्यांना रस नसतो. मग त्यांनी जंगलात फिरावं. कॅमेऱ्याचं ओझं कशाला?

एक उपाय मी करायला सांगते. आपली हार्ड डिस्क उघडा आणि गेल्या दोन वर्षांत कुणीही न सांगता तुम्ही पुन्हापुन्हा काय टिपलंत ते बघा. ‘मला लँडस्केप आवडतात’ असं सांगणाऱ्या एका मुलीच्या डिस्कवर निम्म्याहून जास्त फोटो काम करणाऱ्या हातांचे निघाले: शिवणारे, घासणारे, खोदणारे. तिला तिची वाट मी दाखवली नाही, ती फोल्डरमध्येच होती. त्यानंतर जी दोन-तीन कामं जवळची वाटतात, त्यातल्या प्रत्येकाचा निदान एक पूर्ण दिवस कुणाच्या तरी बरोबर राहून अनुभवा.

एकदा निवडलं की आयुष्यभर तेच करावं लागतं का?

नाही. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग आज महामंदीच्या काळातल्या फोटोंसाठी ओळखली जाते. तिचं ‘मायग्रंट मदर’ हे छायाचित्र १९३६ चं. पण त्याआधी तिने बरीच वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत पोर्ट्रेट स्टुडिओ चालवला होता, पैसेवाल्या गिऱ्हाइकांसाठी. सेबास्तियाव साल्गादो अर्थतज्ज्ञ होता. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेतली नोकरी सोडून तो १९७३ मध्ये पूर्णवेळ फोटोग्राफीकडे वळला. शेतमजूर, खाणकामगार, स्थलांतरित हे त्याचे पुढचे विषय पाहिले की जुनं शिक्षण वाया गेलं असं म्हणवत नाही. तुम्ही नर्स असाल, वकील असाल, शेती करत असाल, तर ते विसरून नव्याने सुरुवात करू नका. ज्या जगात तुम्हाला आधीच ओळखतात तिथे कॅमेरा घेऊन शिरणं सर्वांत सोपं.

कोर्स करू की थेट कामाला लागू?

चांगल्या कोर्समधून तीन गोष्टी मिळतात: वेळ, सोबतची मुलं आणि तुमच्या कामावर कठोरपणे बोलणारं कुणीतरी. प्रवेश घेण्याआधी तिथे शिकून दोन-तीन वर्षं झालेल्या मुलांना गाठा आणि आज ती काय करतात ते विचारा. माहितीपत्रकापेक्षा ते उत्तर खरं.

मात्र असिस्ट करण्याला मला तरी पर्याय दिसत नाही. मी सुरुवातीला कित्येक महिने स्टँड उचलले, वाळूच्या पिशव्या टाकल्या, केबली गुंडाळल्या. प्रकाशाबद्दल शिकले ते तिथेच: दिवा दुप्पट अंतरावर नेला की उजेड निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि ‘जरा मागे घे’ ऐकून दोन पावलं मागे सरकल्यावर सगळी फ्रेम काळवंडलेली बघणं वेगळं. पण त्याहून मोठं शिक्षण दुसरं होतं. शूट बिघडत असताना सर, म्हणजे ज्यांना मी असिस्ट करायचे ते फोटोग्राफर, काय करायचे, ते मी बघायचे. एकदा मुख्य दिवाच गेला. क्लायंट शेजारी उभे. सरांनी शांतपणे पाच मिनिटांची सुट्टी जाहीर केली, मला खिडकीवर पांढरा कपडा लावायला सांगितलं आणि त्या उजेडात पुढचं शूट केलं. क्लायंटला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. हे कुठल्या अभ्यासक्रमात असतं?

असिस्टंट म्हणून पाळायचा एकच नियम: सेटवर क्लायंटला आपलं कार्ड द्यायचं नाही. ही गोष्ट लगेच कळते आणि विसरली जात नाही.

कॅमेरा कोणता घेऊ?

जो परवडतो तो. खरंच. २४ मेगापिक्सेलची फाइल साधारण ६००० × ४००० पिक्सेलची असते आणि ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) छापली तरी २० × १३ इंचांचा नेटका प्रिंट देते. बहुतेक कामांना तेवढं पुरतं. पुन्हा घडणार नाही असा प्रसंग टिपणार असाल, तर दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणारी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्या आणि दुसरी बॉडी सोबत ठेवा, भाड्याने का होईना. लेन्स भाड्याने आणून वापरा. सलग चार कामांना तीच लागली, तर विकत घ्या. उरलेले पैसे दिव्यांवर आणि मॉनिटर कॅलिब्रेट करण्यावर, म्हणजे त्यावरचे रंग अचूक करून घेण्यावर खर्च करा. नवी बॉडी घेतल्याने काम मिळाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

पोर्टफोलिओत किती फोटो ठेवू?

पंधरा ते वीस. आणि फक्त जे काम पुढे मिळायला हवं आहे तेच. लग्नाचे उत्तम फोटो दाखवाल तर लग्नाचीच कामं येतील, मग ‘मला इमारतींचं काम कुणी देत नाही’ असं म्हणायचं नाही. काम मिळेपर्यंत थांबूही नका. स्वतःच ब्रीफ लिहा आणि त्यावर शूट करा. एका विषयावरची आठ फोटोंची मालिका वीस सुट्या फोटोंपेक्षा जास्त सांगते, कारण तुम्ही एकदा नशिबाने नाही तर सलग चांगलं काम करू शकता हे त्यातून दिसतं. निवड दुसऱ्याकडून करून घ्या. आपण डोंगर चढून काढलेला फोटो आपल्याला काढून टाकवत नाही. बघणाऱ्याला डोंगराशी देणंघेणं नसतं.

पहिलं काम मिळणार कुठून?

ओळखीतून. बहुतेकांना तिथूनच मिळतं. लग्नाच्या कामात ‘सेकंड शूटर’ म्हणून जाणं हा चांगला दरवाजा, म्हणजे मुख्य फोटोग्राफरबरोबरचा दुसरा फोटोग्राफर, कारण मुख्य जबाबदारी तुमच्यावर नसते आणि फोटो मात्र तुम्ही काढलेले असतात (त्या पोर्टफोलिओत वापरायच्या की नाही, हे आधी विचारून घ्या). व्यवसायांकडे जायचं असेल तर शंभर जणांना एकच मेल पाठवू नका. पाच जण निवडा, त्यांचे सध्याचे फोटो नीट बघा आणि प्रत्येकाला त्याच्या कामाबद्दल दोन ओळी लिहा. उत्तर नाही आलं तर महिन्याभराने नवा फोटो घेऊन पुन्हा लिहा.

सुरुवातीला फुकट काम करावं का?

स्वतःच्या प्रकल्पासाठी, जरूर. स्वतःला पटलेल्या सामाजिक कामासाठीही. पण ज्या कामातून समोरचा कमावणार आहे आणि तुम्हाला फक्त ‘एक्सपोजर’, म्हणजे प्रसिद्धी मिळणार आहे, तिथे नको. एक्सपोजर आपल्याला कॅमेऱ्यातच पुष्कळ मिळतं. फुकट करायचंच ठरवलं तर पूर्ण रकमेचं बिल करा आणि खाली शंभर टक्के सूट लिहा. पुढच्या वेळी दर सांगताना जड जात नाही.

दर कसा ठरवायचा?

शेजारचा किती घेतो ते बघून ठरवू नका. त्याचा खर्च तुम्हाला माहीत नाही, आणि बऱ्याचदा त्यालाही नसतो. वही घ्या. वर्षाचा घरखर्च, कर, विमा, प्रवास, सॉफ्टवेअर, आणि कॅमेरा-लेन्स काही वर्षांनी बदलायला लागतील त्याचा वर्षाचा वाटा, या सगळ्याची बेरीज करा. मग ती पैसे मिळणाऱ्या दिवसांनी भागा. इथेच सगळे चुकतात. वर्षाचे कामाचे दिवस अडीचशे धरतात, पण निवड, एडिटिंग, भेटीगाठी, कोटेशनं आणि रिकामे आठवडे वजा केले की शूटचे दिवस ऐंशी उरले तरी खूप. तुमची बेरीज अडीचशेने भागून येणारा दर आणि ऐंशीने भागून येणारा दर यात तिपटीहून जास्त अंतर आहे. धंदा नेमका या अंतरात बुडतो.

कोटेशनमध्ये तुमचं मानधन, खर्च आणि वापराचा परवाना वेगवेगळे लिहा. दुरुस्त्या किती वेळा करून मिळतील तेही लिहा. काम सुरू करण्याआधी अॅडव्हान्स घ्या. हे सांगताना आवाज कापतो, मान्य आहे. कागदावर छापलेलं असलं की कमी कापतो.

फोटोचा हक्क कोणाकडे राहतो?

कॉपीराइटबद्दलच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील असलेल्या देशांत कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणीची अट नसते. पण नोकरीत किंवा कंत्राटावर केलेल्या कामाचे नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे सही करण्याआधी तेवढं कलम वाचाच. १९४७ मध्ये रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, जॉर्ज रॉजर आणि डेव्हिड सेमूर या फोटोग्राफरांनी ‘मॅग्नम’ ही फोटोग्राफरांचीच संस्था उभी केली, ती फोटोचा हक्क मासिकाकडे न जाता फोटोग्राफरकडे राहावा याच आग्रहातून.

व्यवहारात आपण फोटो विकत नाही, वापराची परवानगी देतो: कोणत्या माध्यमात, कोणत्या प्रदेशात, किती काळ आणि एकट्यालाच की इतरांनाही. ‘सर्व हक्क, कायमचे, सर्वत्र’ असं कुणी मागितलं तर हरकत नाही, फक्त किंमत त्या मापाची सांगा. आणि जाहिरातीसाठी ओळखू येणारा माणूस फ्रेममध्ये असेल तर त्याची लेखी संमती घ्या, मित्र असला तरी.

नोकरी बरी की फ्रीलान्स?

नोकरीत शिस्त आणि उपकरणं मिळतात, पण कायमची खात्री तिथेही नाही. २०१३ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ या अमेरिकन दैनिकाने आपला सगळा फोटो विभाग, म्हणजे २८ माणसं, एका फटक्यात घरी पाठवला. उलट नोकरी गेल्याने भलं झाल्याचंही उदाहरण आहे: फ्रेंच फोटोग्राफर रोबेर द्वानो रेनो या मोटार कंपनीच्या कारखान्यात फोटोग्राफर होता आणि सतत उशिरा येतो म्हणून १९३९ मध्ये त्याला काढलं. पॅरिसच्या रस्त्यांवरचा द्वानो जगाला त्यानंतर भेटला. अर्थात, उशिरा येणाऱ्या प्रत्येकाचं असं होत नाही!

सध्याची नोकरी सोडून उडी मारायची असेल तर दोन गोष्टी तपासा. सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का? आणि एकदा आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर पैसे साठलेले असूनही थांबा.

नवखे सगळ्यात मोठी चूक कोणती करतात?

बॅकअपची. मी केली म्हणून सांगते. एका समारंभाच्या कार्डावरून फाइल्स लॅपटॉपवर घेतल्या, वरवर बघितल्या आणि कार्ड फॉरमॅट केलं. दुसऱ्या दिवशी कळलं, की शेवटच्या दोनशे फाइल्स अर्धवट उतरल्या होत्या. त्या कुटुंबाला फोन करताना शब्द सुचत नव्हते. पैसे परत केले, पण प्रसंग परत करता येत नाही. तेव्हापासून तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि डिलिव्हरी होईपर्यंत कार्डाला हात लावत नाही.

एआय आल्यावर या क्षेत्रात काही उरणार आहे का?

काही कामं गेली, काही जातील. हसरी माणसं लॅपटॉपभोवती बसलेली, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं फळ असले ‘कुणाचेही, कुठलेही’ फोटो विकणाऱ्यांना फटका बसतोय आणि तो थांबेल असं मला वाटत नाही. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधलं पारितोषिक नाकारलं, कारण त्याने पाठवलेली प्रतिमा एआयने बनवलेली होती. अनुभवी डोळ्यांनाही फरक कळत नाही, हे त्याने दाखवून दिलं.

मग माझ्या मते टिकतं काय? जिथे ‘हे असंच घडलं’ किंवा ‘ही हीच वस्तू, हेच माणूस’ यासाठी पैसे मिळतात ते. आजीचा पंचाहत्तरीचा फोटो एआयने बनवून कुणाला हवाय? कोर्टात सादर करायचा फोटो, बांधकामाची नोंद, बातमी, या सगळ्यांत साक्षीदार लागतो. म्हणूनच फोटो कुठे, कशावर काढला आणि त्यात पुढे काय बदललं याची नोंद फाइलमध्येच ठेवणारं सी२पीए हे मानक काही कॅमेऱ्यांत येऊ लागलं आहे. छाटणी, मास्किंग (फोटोतला हवा तो भाग वेगळा निवडणं) अशा कंटाळवाण्या कामांत एआय मीही वापरते. वाचलेला वेळ झोपेला देते.

माझं वय पंचेचाळीस आहे. उशीर झाला का?

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनला पहिला कॅमेरा ४८ व्या वर्षी मिळाला, १८६३ मध्ये, मुलगी आणि जावयाकडून भेट म्हणून. पोर्ट्रेटच्या इतिहासात तिला वगळून पुढे जाता येत नाही. पाठ आणि गुडघ्यांचा विचार करून शाखा निवडा, एवढंच.

आणि हे सगळं वाचून वाटलं की छंदच बरा, तर?

तर तुमचा एक महागडा प्रयोग वाचला. व्हिव्हियन मायरने मुलं सांभाळण्याची नोकरी करत लाखाहून जास्त निगेटिव्ह जमवल्या. २००७ मध्ये तिचं सामान लिलावात निघालं तेव्हा त्या लोकांच्या हाती लागू लागल्या. शेकडो रोल तर तिने डेव्हलपही केले नव्हते. तिने कधी कोटेशन लिहिलं नसावं. मी मात्र आत्ता एक लिहायला बसणार आहे, कालच द्यायचं होतं.